मधला खंड

वयाची पस्तिशी-चाळिशी ओलांडल्यावर एम. ए.चा किंवा पीएच. डी.चा अर्ज भरायला बसलेल्या माणसाला एका रकान्यापाशी हमखास थांबावे लागते. शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे कारण लिहा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडा, असे तो रकाना सांगतो. बोलण्यात आपण याला 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतो. शहापूर असो की मुरबाड, तहसील कचेरीच्या आसपास टाइपरायटर घेऊन आणि आता संगणक घेऊन बसणाऱ्यांकडे याचा मजकूर तयारच असतो. घरच्या अडचणीमुळे अमुक सालापासून तमुक सालापर्यंत मी शिक्षण घेऊ शकलो नाही, या काळात मी अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतलेला नाही आणि कोणतेही बेकायदेशीर कृत्य केलेले नाही. फक्त नाव आणि सालं बदलायची. वीस वर्षांचे आयुष्य चार ओळींत मावते आणि आम्ही खाली सही करतो.

सही करताना आमच्यापैकी बहुतेकांना ओशाळल्यासारखे होते. बाजूला आपल्या मुलाच्या वयाची पोरे रांगेत उभी असतात. या वयात हे कशाला, असा प्रश्न कोणी तोंडावर विचारत नाही, पण डोळ्यांत दिसतो. आम्हाला वाटते, या ओशाळेपणाकडे एकदा इतिहासाच्या नजरेने पाहिले पाहिजे. हा खंड एकट्यादुकट्याच्या आळसाचा आहे की त्यामागे काही मोठी कारणे आहेत? आणि ज्यांना आपण थोर शिकलेली माणसे मानतो, त्यांच्या शिक्षणात असा खंड नव्हता काय?

महात्मा जोतीराव फुले यांचेच पाहा. १८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांना प्राथमिक शिक्षणानंतर शाळेतून काढून घेण्यात आले आणि ते वडिलांबरोबर मळ्यात काम करू लागले. तेराव्या वर्षी त्यांचे लग्नही झाले. त्या काळच्या हिशेबाने शिक्षणाचा विषय संपला होता. तो पुन्हा सुरू झाला शेजाऱ्यांमुळे. उर्दू-फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुन्शी आणि लिजीटसाहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. पुढे १८४८ मध्ये मुलींची शाळा निघाली. जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. फातिमा शेख यांचे नावही याच काळाशी जोडलेले आहे. हे सारे आपल्या सभा-संमेलनांतून नेहमी सांगितले जाते. मात्र गफ्फार बेग मुन्शींनी नेमके काय केले, याचा विचार फारसा होत नाही. त्यांनी शाळा काढली नाही की देणगी दिली नाही. ज्याचे शिक्षण तुटले होते अशा एका मुलाच्या बापाशी जाऊन ते बोलले, एवढेच.

जोतीरावांना मधल्या खंडाची किंमत ठाऊक असली पाहिजे. कारण १८५५ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. आमच्या भागाच्या दृष्टीने हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच १८५५ मध्ये कल्याणहून निघालेली रेल्वे शहापूर तालुक्यातील वासिंदला पोचली, आणि १८६१ मध्ये ती कसाऱ्यापर्यंत गेली. म्हणजे पुण्यात मोठ्या माणसांसाठी शाळेचे दार उघडत होते, तेव्हा आमच्या दारात आगगाडी आली होती. या दोन गोष्टींची गाठ पडायला मात्र शंभरावर वर्षे जावी लागली.

दुसरे उदाहरण बद्रुद्दीन तय्यबजींचे. १८६० मध्ये ते शिक्षणासाठी विलायतेला गेले, पण डोळ्यांनी दगा दिला आणि १८६४ च्या अखेरीस अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावे लागले. वर्षभराने ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. मुंबईतले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८७४ मध्ये ज्यांनी अंजुमन-ए-इस्लाम उभी केली, त्यांत ते अग्रभागी होते आणि १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांच्या घरची सुबत्ता होती, म्हणून त्यांचा खंड लहान राहिला, हेही मान्य केले पाहिजे.

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अपुरा ठेवून त्यांना परतावे लागले. पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्यासाठी लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांची सवलत दिली होती. मधल्या काळात बडोद्यात त्यांना अपमान सोसावे लागले, मुंबईत त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले. शाहू महाराजांनी आणि नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. १९२० मध्ये ते लंडनला परतले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. पुढे १९४६ मध्ये त्यांच्या संस्थेने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. ज्याने स्वतः खंड भोगला, त्यालाच घड्याळाचा हा विचार सुचला.

या तिघांच्या गोष्टींत दोन बाबी समान आहेत. परत नेणारा कोणीतरी माणूस होता किंवा गाठीला पैसा होता, आणि परत आल्यावर आत घेणारे दार उघडे होते. आता हीच दोन मापे आमच्या तालुक्यांना लावून पाहू.

शहापूर आणि मुरबाड म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. एकीकडे माहुलीचा किल्ला, दुसरीकडे नाणेघाट आणि माळशेज. मुंबईची तहान भागवणारी तानसा, वैतरणा आणि भातसा ही नावे शहापूरशी निगडित आहेत. तानसाचे धरण १८९२ चे. शंभर-सव्वाशे वर्षे येथले पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात याच भागातील पाडे टँकरची वाट पाहतात. शिक्षणाचेही थोडेफार तसेच झाले. हुशार मूल पाण्याच्याच वाटेने खाली मुंबईकडे जाई आणि ज्याला जाता येत नसे ते गावात राही. शहापूरकरांना निदान आसनगाव स्टेशन होते. मुरबाडला आजही रेल्वे नाही, कल्याण गाठायचे तर एस. टी. किंवा वडाप. टोकावड्याकडच्या माणसाला कल्याणच्या कॉलेजात सकाळी सातच्या तासाला बसायचे म्हणजे मध्यरात्री उठायचे.

आपल्या समाजाच्या वाट्याला याशिवाय भाषेचा खंड आला. १८८२ च्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाला खास उत्तेजन देण्याची शिफारस केली आणि प्राथमिक शाळांत हिंदुस्थानी भाषेला महत्त्व दिले. हेतू चांगला होता. भिवंडीसारख्या मोठ्या वस्तीच्या गावात त्यातून पुढे उर्दूची भक्कम परंपरा उभी राहिली. रईस हायस्कूल आणि जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय ही नावे सर्वांना माहीत आहेत. पण शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत, जेथे आपली घरे बोटांवर मोजण्याइतकी, तेथे मूल जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतच बसणार. घरात एक बोली, मदरशात अरबी-उर्दू आणि शाळेत मराठी. ज्याला उर्दू चौथीपर्यंत मिळाली, त्याला पुढे मराठी हायस्कूलमध्ये अडखळावे लागले. ज्याने पहिल्यापासून मराठी घेतली, तो टिकला, पण 'तुमची मराठी चांगली आहे हो' असे कौतुक त्याला जन्मभर ऐकावे लागले. आपल्याच भाषेबद्दल झालेले हे कौतुक किती बोचते, हे या वार्षिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मुलींची गोष्ट आणखी निराळी. तेथे खंड पडण्याचे कारण सरकार किंवा रेल्वे नव्हते, आम्हीच होतो. सातवी झाली, आता पुरे. दहावी झाली, स्थळ आले. कॉलेज कल्याणला आहे, लोकलची गर्दी आहे, म्हणून नको. ही वाक्ये आमच्याच घरांत बोलली गेली. पुढे शहापुरात सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाड तालुक्यात शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय झाले, तेव्हा अंतराची सबब उरली नाही आणि मुली खरोखरच शिकू लागल्या. त्यावरून आमची मूळ अडचण किती अंतराची होती आणि किती मनाची होती, याचा ज्याने त्याने हिशेब करावा.

आता दारांकडे वळू. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, ते मातृभाषेतून शिकवणारे होते आणि घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची मुभा देणारे होते. संसारात अडकलेल्या बाईला हा मोठाच आधार. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पोस्टाने येणाऱ्या टिपणांवर गिरणीकामगार, कारकून, शिक्षक बी. ए., एम. ए. झाले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्या माणसालाही पूर्वतयारी अभ्यासक्रम करून पदवीकडे जाण्याची वाट या विद्यापीठाने खुली केली. ज्यांनी सातवी-आठवीत पाटी ठेवली होती अशांना 'आपण पदवीधर होऊ शकतो' हा विचार प्रथमच शक्यतेच्या कोटीत आला.

दार उघडले, पण उंबरठ्यावर कागद होते. पदव्युत्तर प्रवेशाला लागणारी कागदपत्रे ज्याने पंचेचाळिसाव्या वर्षी गोळा केली आहेत, त्यालाच त्याचा अर्थ कळेल. मुक्त विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र. उत्पन्नाचा दाखला, अधिवास. मग नावाची कहाणी. शाळेच्या दाखल्यावर 'शेख' एका स्पेलिंगने, गुणपत्रिकेवर दुसऱ्या आणि आधार कार्डावर तिसऱ्या. एकीकडे आडनाव पुढे, दुसरीकडे मागे, तिसरीकडे नाहीच. लग्न झालेल्या बाईची पदवी माहेरच्या नावाची आणि निकाहनामा उर्दूत. तो कार्यालयात वाचता येत नाही, म्हणून भाषांतर, नाहीतर विवाह नोंदणी, नाहीतर राजपत्रात नावबदल.

जातीच्या दाखल्याचे प्रकरण तर खास आपले आहे. शब्बीर अन्सारी यांच्यासारख्यांनी चालवलेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीमुळे १९९४ मध्ये राज्य शासनाने मुसलमानांतील मागास जातींना इतर मागासवर्गाच्या सवलती मिळण्याचा मार्ग मोकळा केला. पण पुरावा हवा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. तो शोधायला आजोबांच्या शाळेत जावे, जनरल रजिस्टर काढावे, तर जातीच्या रकान्यात एकच शब्द: 'मुसलमान'. धंदा तांबोळ्याचा, पिंजाऱ्याचा, खाटकाचा, पण गुरुजींनी लिहिले 'मुसलमान'. कदाचित आजोबांनीच तसे सांगितले असेल, कारण जात सांगणे त्यांना दीनाला धरून वाटले नसेल. त्यांच्या त्या एका शब्दाने नातवाचा दाखला अडला. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातील जुने कोतवाल बुक, जन्म-मृत्यूच्या नोंदी. त्यांतल्या जुन्या नोंदी मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची वाण किती आहे हे सगळ्या महाराष्ट्राला समजले. आपल्या लोकांना ते आधीपासून ठाऊक होते.

हे कागद पाहताना एक गोष्ट मात्र लख्ख दिसते. मोडीत लिहिलेली ही नावे आपल्या पणजोबांची आहेत. कासम, इब्राहिम, फातमा, आमिना ही नावे मराठी लिपीच्या वळणात, मराठी गावाच्या दप्तरात आणि मराठी महिन्यांच्या हिशेबात बसलेली आहेत. आम्ही या मातीतले आहोत हे सिद्ध करायला आम्हाला व्यासपीठावरून भाषणे करावी लागतात. पुरावा तर अभिलेख कक्षात बासनात बांधून ठेवलेला आहे. तो वाचणारा आमच्यातून तयार झाला नाही, ही उणीव आमची.

येथेच आमच्या मते परतून शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याचे महत्त्व आहे. बाविशीच्या मुलाला संशोधनाचा विषय मार्गदर्शकाकडून मागावा लागतो. चाळिशीच्या माणसाकडे तो कागदांच्या पिशवीतच असतो. आपल्या तालुक्यात आपली वस्ती कधी आणि कशी झाली? गवताचा, लाकडाचा, भाताचा व्यापार कोणी केला? धरणात कोणाच्या जमिनी गेल्या? मुलींची शाळा कोणत्या इयत्तेत सुटत होती? शाळेची जनरल रजिस्टरे, कोतवाल बुके, मशिदींचे आणि वक्फचे हिशेब, जुने निकाहनामे ही या प्रश्नांची साधने आहेत. प्रवेशासाठी जी कागदपत्रे आम्ही वैतागून जमवतो, तीच उद्याच्या प्रबंधाची पहिली पाने होऊ शकतात.

आकड्यांनी परिस्थितीची कल्पना येईल. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवले की देशात वीस वर्षांवरील लोकांत पदवी किंवा पदविका घेतलेले सुमारे ७ टक्के होते, मुसलमानांत ४ टक्क्यांहून कमी. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांत एक मुसलमान, पदव्युत्तर वर्गांत ५० मध्ये एक. म्हणजे पदवीच्या वर्गात जो थोडा वाटा होता, तोही पुढच्या पायरीवर निम्मा झाला. आमचा खंड नेमका याच पायरीवर आहे. अहवालानंतर काही उपाय झाले. २००९ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली आणि तिच्यावर अनेकांनी पीएच. डी. केली. डिसेंबर २०२२ मध्ये ती बंद करण्यात आली. महाराष्ट्रात जुलै २०१४ मध्ये मुसलमानांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणातील भाग त्या वेळी अडवला नव्हता, तरी कायदा न झाल्याने तो वर्षअखेर संपला. २०२४ मध्ये राज्याने अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन व प्रशिक्षण संस्था काढण्याचे ठरवले. दारे उघडतात आणि बंद होतात. त्यांच्या भरवशावर बसून राहणे परवडणारे नाही, आणि ती उघडी राहावीत म्हणून भांडणे सोडणेही परवडणारे नाही.

काही नियम मात्र आज प्रौढांना अनुकूल आहेत आणि ते आपल्या लोकांना ठाऊक असायला हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार नोकरी सांभाळून, कार्यालयाचे ना-हरकत पत्र देऊन, अर्धवेळ पीएच. डी. करता येते. मुदत सहा वर्षांची, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची जादा सवलत. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. याच नियमांनी एम. फिल. बंद झाले. २०२४ पासून पीएच. डी. प्रवेशासाठी नेट परीक्षेतील गुणही धरले जातात. खरी अडचण मार्गदर्शकाची. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. जागा थोड्या, म्हणून आराखडा चांगला हवा, आणि त्यासाठी विषय आपल्या हाडामासाचा हवा.

राहिला वयाचा प्रश्न. ज्या दीनाची पहिली आज्ञा वाचण्याची आहे आणि ती ज्यांच्यावर उतरली त्या पैगंबरांचे वय तेव्हा चाळीस होते, त्या दीनाच्या लोकांनी चाळिशीला घाबरावे हे नवल आहे. मर्व्ह शहरातले शाफई पंथाचे मोठे फकीह अल-कफ्फाल हे मूळचे कुलपे बनवणारे कारागीर. तिशीच्या सुमारास त्यांनी अभ्यासाला हात घातला आणि पुढे इमाम म्हणून मान्यता मिळवली. 'कफ्फाल' म्हणजे कुलूपवाला. विद्वान झाल्यावरही त्यांनी धंद्याचे नाव टाकले नाही.

म्हणून आम्हाला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. खंडाचे प्रतिज्ञापत्र कायद्याला हवे तसे द्यावे, पण संशोधनाच्या आराखड्याबरोबर आणि मुलाखतीत तो काळ लपवू नये. भातगिरणी चालवली, टेम्पो चालवला, शिवणकामावर मुले शिकवली, ग्रामपंचायतीत निवडून आलो, हे तेथे सरळ सांगावे. त्या काळात आम्ही कोठेही प्रवेश घेतला नाही हे खरे, पण काही शिकलो नाही हे खरे नाही. दुसरी गोष्ट त्याहून सोपी. आपल्या मोहल्ल्यात ज्याची किंवा जिची पाटी मध्येच खाली राहिली आहे असे एक तरी घर प्रत्येकाला माहीत असते. जुम्म्याच्या नमाजनंतर, लग्नात, एस. टी.च्या थांब्यावर त्यांची भेट होतेच. नवरा, सासू, भाऊ, बाप, ज्याचा शब्द त्या घरात चालतो त्याच्याशी जाऊन बोलावे. प्रवेशाची तारीख सांगावी, अर्ज आणून द्यावा, तहसीलला सोबत जावे. गफ्फार बेग मुन्शींनी १८४१ मध्ये याहून वेगळे काही केले नव्हते.